३८ रुपयांचं सील

एकेकाळी आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबा सामान वापरणाऱ्यांच्या पक्षात, मी सामान मोजणाऱ्यांच्या. बाबा लष्कराच्या एका बेस वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी १९८४ साली रक्षा लेखा विभागात ऑडिटर म्हणून लागले. दापोडीच्या दोन खोल्यांतून सकाळी दोघंही डबे घेऊन निघायचो, ते सायकलवर, मी लोकलनं. संध्याकाळी ते रॉकेलच्या बोळ्यानं हाताचं ग्रीस काढत बसायचे आणि मी बोटांवरची शाई. जेवताना आमची हमखास जुंपायची. आई म्हणायची, "एकाच सरकारचं मीठ खाता ना दोघं? मग भांडता कशावरून?"

भांडायचो ते कायम एकाच गोष्टीवरून. त्यांच्या मते ऑडिटवाल्यांमुळे काम अडतं, आणि माझ्या मते कामवाल्यांना कागद म्हणजे कटकट वाटते.

परवा आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर संरक्षणाच्या बजेटवरून चर्चा चालली होती. २०२५-२६ चा आकडा ६ लाख ८१ हजार कोटींचा. कोणी विमानांवर बोलत होतं, कोणी पाणबुड्यांवर, पेन्शनवर तर सगळेच. माझी नजर मात्र सवयीनं दुसऱ्याच ओळीवर गेली. पगार आणि पेन्शन सोडून फौज रोज चालती ठेवायला लागणारा खर्च, म्हणजे इंधन, शिधा, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती. ते १ लाख १४ हजार कोटींच्या वर आहे. त्या ओळीवर ग्रुपमध्ये कोणी अवाक्षर काढलं नाही. माझी पस्तीस वर्षं त्याच ओळीत गेली.

रक्षा लेखा विभाग म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही मिलिटरीत होता?" नाही हो. आम्ही साडी नेसून, पर्स घेऊन जाणारे सिव्हिलियन. पुण्यात जरा माहीतगार माणूस असेल तर तो म्हणतो, "अच्छा, गोळीबार मैदान!" कारण तिथल्या ऑफिसातून अख्ख्या लष्कराच्या अधिकाऱ्यांचे पगार निघतात. पगाराचं ऑफिस सगळ्यांना ठाऊक असतं, कारण पगार चुकला की बोंब होते. मी होते लोकल ऑडिटला. आमचं टेबल डेपोत किंवा वर्कशॉपातच असायचं, पत्र्याच्या शेडला लागून. काम काय, तर आलेलं सामान लेजरला चढलं का, गेलेलं सामान व्हाउचरवर गेलं का, आणि मधल्या मध्ये काही गळलं का, ते बघायचं.

लष्कराची अशी आठ बेस वर्कशॉप्स होती. दिल्ली, जबलपूर, कांकिनारा, अलाहाबाद, आग्रा, मेरठ, बंगळूर आणि आपलं खडकी. रणगाडे, ट्रक, तोफा, रडार वर्षानुवर्षं वापरून थकले की इथं येतात, पार उघडले जातात आणि पुन्हा जोडून बाहेर पडतात. हे काम ई.एम.ई. कोअरचं, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेचं. त्यासाठी लागणारे सुटे भाग मात्र सांभाळायचे ऑर्डनन्स कोअरनं, म्हणजे भांडारवाल्या शाखेनं, देहूरोडसारख्या डेपोंमध्ये. म्हणजे ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात भांडार नाही. वर्कशॉपनं मागणीपत्र पाठवायचं, डेपोनं माल पाठवायचा. डेपोत माल नसेल तर डेपो तसं लिहून देणार. त्याला आमच्या भाषेत एन.ए. म्हणतात, नॉन-अव्हेलेबिलिटी. एन.ए. हातात आलं की वर्कशॉपनं बाजारातून लोकल परचेस करायचं, तेही कमांडंटच्या अधिकारात बसेल तेवढंच.

आता बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट सांगते. या सगळ्या लेजरांमध्ये किंमत नसते. संख्या असते. बेअरिंग १२ नग आले, ९ गेले, ३ शिल्लक. ते बेअरिंग ९० रुपयांचं की ९ हजारांचं, हे लेजरला माहीत नसतं. मागणाऱ्या फिटरला माहीत नसतं आणि देणाऱ्या स्टोअरकीपरला तर नसतंच नसतं. खरेदी करतानाच पैसा दिसतो आणि तेव्हा त्याच्यावर तीन-तीन कुलुपं असतात. मंजुरी देणारा वेगळा, आर्थिक सल्ला देणारा वेगळा, बिल पास करणारा वेगळा. पण पैशाचा एकदा माल झाला की त्याची किंमत पुसली जाते. पुढं तो माल दहा वर्षं पडून राहिला तरी लेजर स्वच्छ, कारण संख्या जुळते.

माझं सीलचं प्रकरण १९९६ च्या हिवाळ्यातलं. वर्कशॉप कुठलं, डेपो कुठला, ते सांगणार नाही. त्या वेळच्या एका ट्रकच्या इंजिनाला क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी एक रबरी ऑइल सील बसतं. चहाच्या बशीएवढं. ते नसेल तर उघडलेलं इंजिन पुन्हा जोडून बंदिस्त करता येत नाही, कारण तेल गळून थेट क्लचवर जातं. डेपोनं त्या सीलचं एन.ए. दिलं होतं, म्हणून वर्कशॉपनं नाना पेठेतल्या एका दुकानदाराकडून सील घेतली. नग ३८ रुपयांना.

बिलं माझ्याकडे आली. तीन सप्लाय ऑर्डरी, एका आठवड्यातल्या, एकाच दुकानदाराच्या, एकाच वस्तूच्या. प्रत्येक ऑर्डर ज्या अधिकाऱ्यानं काढली होती त्याच्या अधिकाराच्या मर्यादेच्या जेमतेम खाली. तिन्ही मिळून एक केली असती तर वरच्या साहेबाची मंजुरी लागली असती. ऑडिट शिकलेल्या माणसाला असं काही दिसलं की मांजराला उंदीर दिसल्यासारखं होतं. एक ऑर्डर तुकड्यांत तोडलेली आहे. मी आधी पेन्सिलनं मुद्दे लिहिले, मग शाईनं, आणि ऑब्जेक्शन लावून बिलं परत पाठवली. साहेब खूश झाले. त्या वर्षीच्या माझ्या सी.आर.मध्ये, म्हणजे कामाच्या गोपनीय अहवालात, "दक्ष" हा शब्द आला, तो बहुधा याच पराक्रमाबद्दल.

पाच आठवड्यांनी वर्कशॉपचं उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य गाळलं होतं म्हणून मी ते पुन्हा परत पाठवलं. तोवर तिकडं दुकानदारानं पैसे मिळेनात म्हणून पुढचा माल थांबवला होता.

फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी मला त्या वर्कशॉपमध्ये जावं लागलं. इंजिनांच्या शेडमध्ये एका भिंतीला लागून स्टँडवर ११ इंजिनं ओळीनं उभी होती. रंगवलेली, चकचकीत, मागचं तोंड तेवढं उघडं आणि त्यावर प्लॅस्टिक बांधलेलं. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचा टॅग. चार्जमन वयस्कर होते, माझ्या बाबांच्याच पिढीचे. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "या मॅडम. ही तुमची इंजिनं."

मला राग आला. नियमानं माझं बरोबर होतं. आजही आहे, ऑर्डर तोडणं चूकच. शनिवारी घरी बाबांना सांगितलं, मला वाटलं हे तरी माझी बाजू घेतील. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "अगं, पण त्यानं ऑर्डर का तोडली हे विचारलंस का त्याला? वरच्या मंजुरीला किती दिवस लागतात?"

मी विचारलं नव्हतं. ऑब्जेक्शनच्या फॉर्मवर तसा रकानाच नाही.

या प्रकरणाचा दुसरा अंक डेपोत झाला, उन्हाळ्यात. स्टॉक तपासणीसाठी मी तिथं गेले होते. शेडमध्ये पत्रा इतका तापलेला की लेजर धरवेना. लाकडी खणांच्या रांगा, प्रत्येक खणाला सुतळीनं बांधलेलं बिन कार्ड, त्यावर वेगवेगळ्या शाईतल्या नोंदी. एका कार्डावर शेवटची नोंद १९८९ ची होती. न हलणारा माल दिसला की आम्ही तो उघडून बघतो. आत मेणकागदात गुंडाळलेली, टाल्कम लावलेली रबरी सील. मी सहज एक उचललं आणि कडेवरचे आकडे वाचले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हे मला बाबांनी लहानपणी शिकवलेलं होतं. ते म्हणायचे, सीलचं नाव विचारू नये, माप वाचावं. नावं बदलतात, माप बदलत नाही.

ते तिन्ही आकडे मला पाठ होते. नाना पेठेच्या बिलावर मी ते तीनदा वाचले होते.

मी डेपोच्या हवालदारांना विचारलं की हेच सील नाही म्हणून तुमच्याच डेपोनं एन.ए. दिलंय ना? त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. तेच सील, पण पार्ट नंबर वेगळा. एक नंबर ऑर्डनन्सच्या जुन्या यादीतला, दुसरा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधला. वर्कशॉपनं कंपनीच्या नंबरानं मागितलं, त्या नंबराच्या कार्डावर शून्य होतं, म्हणून एन.ए. गेलं. "मॅडमजी, माल तो है," हवालदार म्हणाले, "पर इस नाम से नहीं है."

मोजली तेव्हा २१४ सील निघाली. त्यातली १६० इतकी कडक झालेली की नख रुतेना. रबर आहे ते, लोणच्यासारखं मुरत नाही, वाळतं. उरलेली ५४ चांगली होती, ११ इंजिनांना पुरून उरतील एवढी.

मग नियमाप्रमाणे १६० नगांचं लॉस स्टेटमेंट झालं. नुकसानीला मात्र किंमत लावावी लागते, कारण किती रुपयांचं नुकसान कोणी माफ करायचं हे ठरलेलं असतं. किंमत शोधायला किमतींची जुनी यादी काढली. त्यात सीलचा भाव ४ रुपये ६० पैसे. १६० गुणिले ४.६० म्हणजे ७३६ रुपये. एका सहीत राइट-ऑफ. कागदोपत्री सरकारचं एकूण नुकसान ७३६ रुपये.

आणि ती ११ इंजिनं? ती चार महिने उभी होती, हे कुठल्याही कागदावर नुकसान म्हणून आलं नाही. येणार तरी खर्चाच्या कुठल्या हेडखाली? गंमत म्हणजे त्याच काळात युनिटांचे ट्रक कमी पडले म्हणून भाड्यानं सिव्हिल ट्रक घेतले गेले होते. त्यांची बिलं आमच्याच ऑफिसात, माझ्यापासून चार टेबलं सोडून, पास होत होती. त्या सेक्शनला इंजिनांचं माहीत नव्हतं आणि मला ट्रकभाड्याचं. मधल्या सुट्टीत आम्ही डबे मात्र एकत्र खायचो.

लष्करी पुरवठ्यात आणि दुरुस्तीत पैशाचं नीट व्यवस्थापन कसं व्हावं, असा प्रश्न कोणी विचारला की मला धोरणं वगैरे काही आठवत नाही. ती चार टेबलं आठवतात.

मागणीचं गणितही असंच. दरवर्षी डेपो आढावा घेतो की कुठला भाग किती मागवायचा. पाया मागच्या वर्षांतल्या खपाचा. वरवर शहाणपणाचं आहे. पण मागच्या वर्षी माल नव्हताच, म्हणून दिला गेला नाही, म्हणून खप कमी दिसला, तर पुढची मागणीही कमीच जाते. अपुऱ्या राहिलेल्या मागण्या धरायच्या असतात, धरल्याही जातात, पण जुन्या मागण्या रद्द करून नव्यानं पाठवा, असा कागद आला की त्यात काही गळतात. मी एका भागाचा खप सलग तीन वर्षं शून्य पाहिलाय, आणि त्याच भागासाठी फिटर भंगारातल्या गाड्या उघडून तो काढताना पाहिलेत. एका गाडीचं काढून दुसरीला लावायचं. बाबा याला "टोपी फिरवणं" म्हणायचे. टोपी फिरवलेल्या भागाचा खप कुठंच नोंदला जात नाही.

त्यात मार्च. संसदेनं दिलेला पैसा ३१ मार्चला मरतो. सुटा भाग मागवल्यापासून यायला दीड-दोन वर्षं लागतात आणि पैसा एक वर्षाचा. ऑक्टोबरपर्यंत मंजुऱ्यांच्या फायली फिरत राहतात, जानेवारीत वरून फोन सुरू होतात की खर्च का दिसत नाही, आणि मार्चमध्ये जे लवकर मिळेल ते घेतलं जातं. जे लवकर मिळतं ते गरजेचं असेलच असं नाही. वर्षअखेरीची खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असं जनरल फायनान्शियल रूल्समध्ये स्पष्ट लिहिलंय, २०१७ च्या आवृत्तीतही आहे. आणि ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता, वडापाव खात, त्याच रूल्सचं पुस्तक उशाला असल्यासारखं टेबलावर ठेवून, मी ढिगानं बिलं पास केलेली आहेत. तीनशेच्या आत वस्तू आणि साठच्या आत गरजेच्या. हा आकडा माझ्या मनाचा, ऑडिट करू नका.

कडक झालेली ती १६० सील अशाच कुठल्याशा मार्चची असणार. बिन कार्डावरची आवक नोंद मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती.

बचतीचंही तसंच. २००० सालच्या एप्रिलमध्ये भरतपूरच्या दारूगोळा डेपोला आग लागली, शेकडो कोटींचा दारूगोळा गेला. चौकशीत पुढं आलं की आवारातलं गवत दोन वर्षं कापलं नव्हतं. कारण काय, तर काटकसर. ही बातमी वाचली तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये एकदम शांतता पसरली. कारण गवतकापणीच्या बिलांवर "दर जास्त वाटतो" असा शेरा आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी मारलेला होता. गवत कापलं तर खर्च दिसतो, नाही कापलं तर बचत दिसते. आग कुठल्याच हेडखाली दिसत नाही, लागेपर्यंत.

रिटायर झाल्यावर भाच्याकडे अमेरिकेत गेले, ओहायोत, कोलंबसला. विमानतळाच्या जवळच त्यांच्या लष्कराच्या पुरवठ्याचं आणि हिशेबाचं प्रचंड आवार आहे. भाचा गाडी चालवताना म्हणाला, "मावशी, बघ, तुझं सासर." तिथं राहताना मी त्यांची पद्धत वाचून काढली, उन्हाळ्यात दुसरं करायचं काय. त्यांच्याकडे उलटं आहे. वर्कशॉप आणि डेपो एका फिरत्या भांडवलावर चालतात. युनिटनं सुटा भाग मागितला की स्वतःच्या बजेटमधून त्याचे पैसे मोजायचे, आणि त्या पैशातून डेपोनं पुढचा माल घ्यायचा. १९९१ साली त्यांनी असे सगळे फंड एकत्र करून एक मोठा फंड केला, पाच वर्षांत तो पुन्हा सैन्यदलांत वाटून टाकला.

मला आधी वाटलं, हेच तर हवं होतं! प्रत्येक मागणीवर किंमत. पण त्यातही मेख आहे. भावात डेपोचा सगळा वरखर्च घातला जातो, म्हणून भाव चढतो. भाव चढला की युनिटं मागणं टाळतात, जुनंच ठोकून वापरतात. मागणी घटली की तोच वरखर्च कमी नगांवर पडतो आणि भाव आणखी चढतो. आणि एवढं करून हिशेब? अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पूर्ण ऑडिट पहिल्यांदा झालं २०१८ साली. तेव्हापासून दरवर्षी ऑडिटर लिहितात की आम्हाला मत देता येत नाही. कबूल करते, ते वाचून मला फार बरं वाटलं. भाच्याला म्हटलं, बघ, ७३६ रुपयांपर्यंत तरी आमचा हिशेब लागतो.

आपल्याकडे काहीच बदललं नाही असं नाही. पुण्याचेच लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीनं २०१६ मध्ये अहवाल दिला, त्यातल्या पहिल्या टप्प्याच्या शिफारशी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं जाहीर केल्या. लढाईच्या कामी सुमारे ५७ हजार माणसं वळवायची, मिलिटरी फार्म बंद करायची, डेपो आणि वर्कशॉप्सची रचना आटोपशीर करायची. बेस वर्कशॉप सरकारी मालकीचं ठेवून चालवायला कंत्राटदाराला द्यावं, ही कल्पनाही त्याच समितीची. माझे जुने सहकारी तिच्यावर तुटून पडतात. माझं मत थोडं वेगळं आहे. कंत्राटदार आला तर तो पहिल्या दिवशी एका इंजिनाला खर्च किती येतो हे मोजेल, कारण त्याचं पोट त्यावर आहे. मला दुखतं ते एवढंच की ते मोजायला आपल्याला कंत्राटदार लागावा.

२०२१ मध्ये आर्थिक अधिकारांचे नवे आदेश आले, खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या मर्यादा वाढल्या. फार चांगलं झालं. १९९६ मध्ये हे असतं तर त्या मेजरसाहेबांना ऑर्डर तोडावी लागली नसती आणि मला "दक्ष" व्हावं लागलं नसतं. भांडारं संगणकावर तर नव्वदच्या दशकापासूनच चढू लागली होती. पण मी पाहिलेल्या ठिकाणी संगणक आला तेव्हा सीलचे दोन्ही पार्ट नंबर जसेच्या तसे आत गेले. आधी दोन बिन कार्डं होती, मग दोन स्क्रीन झाले. एका वस्तूला एक नंबर, हे काम सॉफ्टवेअरचं नाही. कोणीतरी खणात हात घालून सीलच्या कडेवरचं माप वाचायला लागतं.

मला विचाराल तर अधिकार वाढवण्याआधी एक साधी गोष्ट करावी. मागणीपत्रावर, त्या भागाच्या नावासमोर, आजचा भाव छापावा. पैसे कापू नका, अमेरिकेसारखं विकू नका, नुसता दिसू दे. आणि प्रत्येक अडकलेल्या इंजिनाच्या गळ्यातल्या टॅगवर तारीख घालावी आणि त्या टॅगची नक्कल, फायलीसकट, ऑब्जेक्शन लावणाऱ्याच्या टेबलावर यावी. माझ्या टेबलावर ती आली असती तरी मी ऑब्जेक्शन लावलंच असतं. पण पाच आठवडे वाट पाहिली नसती, फोन उचलला असता. एक गाळलेलं वाक्य फोनवर भरून घेता येतं.

बाबा २००९ साली गेले. इंजिनांचं पुढं काय झालं हे त्यांना मी सांगितलं होतं, २१४ सील आणि मापाचं सगळं. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी सांगत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "चोपन्न चांगली होती ना? मग लवकर बसवा म्हणावं. उन्हाळ्यात तीही जातील."

गेल्या महिन्यात मिक्सरच्या भांड्याचं रबर शोधत नाना पेठेत गेले होते. तिथं ऑइल सीलचंच एक जुनं दुकान दिसलं आणि पाटी वाचून पाय थबकले. गल्ल्यावर मुलगा होता, मागं खुर्चीत म्हातारे मालक. मी ओळख दिली नाही, पण माझ्या तोंडून "वर्कशॉप" निघालं आणि ते सरसावून बसले.

"तुम्ही सी.डी.ए.च्या, लष्कराच्या हिशेबखात्यातल्या का? त्या सीलच्या बिलवाल्या?"

मी म्हटलं, हो, मीच. पैसे मिळाले ना नंतर?

"त्याचे मिळाले हो. वर्ष लागलं, पण मिळाले. डेपोच्या मोठ्या ऑर्डरीचे मात्र राहिले." मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं काही मला माहीतच नाही. माल पाठवला की ९५ टक्के मिळायचे, उरलेले ५ टक्के डेपोनं माल लेजरला चढवून पावती पाठवली की. ती पावती कधी आलीच नाही.

"मग तुम्ही मागितले नाहीत?"

"कशाला? ते ५ टक्के आम्ही धरतच नव्हतो. भाव देतानाच ८ टक्के वर लावायचे." त्यांनी मुलाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. "तुमचं ते सील बाजारात ३५ ला होतं, मॅडम."